चांदीचा ताळेबंद

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि सचिवांनी घड्याळ समोरच ठेवलं आहे. तेव्हा थेट विषयावर येतो.

रौप्य म्हणजे चांदी. पंचवीस वर्षं झाली म्हणून आपण रौप्यमहोत्सव साजरा करतोय. निमंत्रणपत्रिकेवर रुपेरी शाई आहे, मागच्या पडद्यावर रुपेरी अक्षरं आहेत आणि प्रत्येक सभासदाला समितीने दहा ग्रॅमचं चांदीचं नाणं दिलं आहे. त्याबद्दल समितीचे आभार. पण आता खरं सांगा, ते नाणं कुठे गेलं? कोणाच्या देवघरात, कोणाच्या कपाटात, कोणाच्या लॉकरमध्ये. छत्तीस वर्षं मी बँकेत काढली. आमच्याकडे ज्या खात्यात दोन वर्षं ग्राहकाचा एकही व्यवहार होत नाही, त्याला निष्क्रिय खातं म्हणतात. पैसे असतात, पण हालचाल नसते. घरातल्या बहुतेक चांदीचं असंच आहे.

मला आज बोलायचं आहे ते दुसऱ्या चांदीबद्दल. जी दिसत नाही, पण रात्रंदिवस राबते. कारखान्यात राबते, दवाखान्यात राबते, आणि या क्षणी या इमारतीतही राबते आहे. जुन्या सवयीप्रमाणे तिचा ताळेबंद मांडतो. जमेच्या बाजूला काय, नावे बाजूला काय आणि शेवटी शिल्लक काय.

रुपयातून निवृत्ती

रुपया हा शब्दच मुळी चांदीवरून आला. रूप्य म्हणजे चांदी. सोळाव्या शतकात शेरशहा सूर याने सुमारे १७८ ग्रेन वजनाचं चांदीचं नाणं पाडलं, ते रुपया म्हणून चाललं. पुढे इंग्रजांच्या काळात रुपया १८० ग्रेनचा झाला. तोच आपला तोळा, ११.६६ ग्रॅम. 'बंदा रुपया' आपण म्हणतो, तो हा. फरशीवर टाकला की खणकन वाजणारा. त्यात शंभरात जवळजवळ ब्याण्णव भाग चांदी असायची. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि १९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आलं. १९४७ चा रुपया आला तो निकेलचा. चांदी रुपयातून निवृत्त झाली.

पण आपल्यापैकी काही जणांसारखी ती वर्तमानपत्र घेऊन बाल्कनीत बसली नाही, बरं का! तिने दुसरी नोकरी धरली. आणि या दुसऱ्या नोकरीत तिने समाजाला जे दिलं, ते पहिल्या नोकरीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

ही नोकरी तिला कशामुळे मिळाली? तीन गुणांमुळे. सर्व धातूंत वीज सर्वांत सहज चांदीतून वाहते, तांब्यापेक्षाही. उष्णता वाहून नेण्यातही धातूंत तिचाच पहिला नंबर. आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाश सर्वांत जास्त परत फेकते तीही चांदीच. शिवाय रोगजंतूंशी तिचं वैर आहे, त्याकडे नंतर येतो.

आपल्या इमारतीतली चांदी

आता जिना चढत जाऊ. लिफ्टनेच जाऊ, गुडघे सगळ्यांचेच दुखतात. लिफ्टच्या पॅनेलमध्ये जे कॉन्टॅक्टर खटखट आवाज करतात, त्यांच्या टोकांना चांदीच्या मिश्रधातूची छोटी टिकली असते. दर वेळी तिथे ठिणगी पडते. तांब्याच्या पृष्ठभागावर जो थर चढतो तो वीज अडवतो. चांदीचं तसं फारसं होत नाही, म्हणून ती टिकली हजारो वेळा उघडझाप करूनही काम देते. घरातल्या दिव्याच्या बटणात, एमसीबीतही बहुधा अशीच टिकली असते. डाळीच्या दाण्याहून लहान.

घरातला आरसा घ्या. काचेच्या पाठीमागे चांदीचा अत्यंत पातळ थर असतो. ही रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ मध्ये शोधली. त्याआधी आरशासाठी कथील आणि पारा वापरत आणि त्या पाऱ्याने कारागिरांचे हाल होत. म्हणजे चांदीने केवळ चेहरा दाखवला नाही, कामगारांचे प्राणही वाचवले. खिशातल्या मोबाइलमध्ये साधारण पाव ग्रॅम चांदी आहे. गाडीच्या मागच्या काचेवर धुकं घालवणाऱ्या ज्या बारीक रेघा असतात, त्या चांदीच्या लेपाच्या. विजेवर चालणाऱ्या मोटारीत सगळी मिळून २५ ते ५० ग्रॅम चांदी लागते.

आणि हे तर भगिनींना खोटंच वाटेल, पण तुमच्या पॉलिस्टरच्या साडीमागेही चांदी आहे. साडीत नाही, साडीमागे! पॉलिस्टर बनवायला जे रसायन लागतं, ते इथिलीन ऑक्साइडपासून तयार होतं आणि इथिलीन ऑक्साइड बनवताना उत्प्रेरक म्हणून चांदी वापरतात. उत्प्रेरक म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. दोघांना एकत्र आणतो, स्वतः बाजूला राहतो. हाच इथिलीन ऑक्साइड वायू इंजेक्शनच्या सिरिंज, सलाइनच्या नळ्या निर्जंतुक करायलाही वापरतात, कारण प्लॅस्टिकला उकळत्या वाफेची उष्णता सोसत नाही. म्हणजे कारखान्यातली चांदी अशी दवाखान्यात पोहोचते.

आता आकडे सांगतो. आकड्यांशिवाय बँकवाल्याचं भाषण पुरं होत नाही. २०२४ मध्ये जगात चांदीची एकूण मागणी सुमारे ३६ हजार टन होती. त्यातली जवळपास २१ हजार टन, म्हणजे निम्म्याहून बरीच जास्त, उद्योगांनी घेतली. एकट्या सौर पॅनेलांना सहा हजार टनांहून जास्त लागली. दागिने, भांडी, नाणी, विटा हे सगळं उरलेल्यात. खाणींतून मात्र साडेपंचवीस हजार टनच निघाली आणि मोडीतून सहा हजार टन मिळाली. बाकीची तूट जुन्या साठ्यातून भागवावी लागली, आणि तीही सलग चौथ्या वर्षी.

आपल्या देशाचं काय? राजस्थानात जस्त आणि शिशाच्या खाणी आहेत, त्यांतून चांदी जोडउत्पादन म्हणून मिळते. वर्षाला साधारण सातशे टन. आणि २०२४ मध्ये आपण आयात केली सात हजार टनांहून जास्त. हुपरीचे पैंजण असोत, खामगावची ताट-वाटी असो, त्यामागची बहुतेक चांदी परदेशातून आलेली आहे. एक गोष्ट लक्षात घ्या. जगातल्या चांदीचा मोठा भाग असाच शिसं, जस्त, तांबं, सोनं यांच्याबरोबर निघतो. म्हणून भाव वाढला तरी चांदी लगेच जास्त निघत नाही. बाजारात ताकाची मागणी वाढली म्हणून कोणी जास्तीची म्हैस घेत नाही, तसं.

इतिहासातलं सर्वांत मोठं चांदी-कर्ज

कर्जाची एक गोष्ट सांगतो, कारण अशी परतफेड मी नोकरीत कधी पाहिली नाही. १९४२ साली अमेरिकेत अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळं करण्याची प्रचंड विद्युतचुंबकं बनवायची होती. तारांना तांबं हवं होतं, पण तांबं सगळं युद्धाच्या कामाला गेलेलं. मग लष्कराचा एक अधिकारी सरकारी खजिन्याकडे गेला आणि काही हजार टन चांदी मागितली. खजिन्याचे अधिकारी चकित झाले, कारण त्यांच्याकडे चांदी टनात नव्हे, औंसात मोजत. शेवटी सुमारे १३,३०० टन चांदी उसनी दिली गेली. तिच्या तारा, पट्ट्या करून चुंबकांभोवती गुंडाळल्या. काम झाल्यावर ती वितळवून परत केली. शेवटचा हप्ता १९७० मध्ये जमा झाला. तूट किती? शंभर किलोमागे ३६ ग्रॅम. यंत्राखालची जमीन खरवडून, कपडे झटकून कण गोळा केले म्हणून हे जमलं.

त्या चांदीने जे घडवलं ते हिरोशिमात काय झालं हे आपण जाणतो. त्याचं कौतुक नाही. पण या गोष्टीतून कळतं ते एवढंच, की कामाला लावलेली चांदी संपत नाही. हिशेब नीट ठेवला तर ती परत येते. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी मी इथेच येणार आहे.

दवाखान्यातली चांदी

आता आरोग्याकडे. आपल्याकडे बाळाचं उष्टावण चांदीच्या वाटीत करतात. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की इराणचा राजा मोहिमेवर निघाला की उकळलेलं पाणी चांदीच्या भांड्यांतून बरोबर नेत असे. या अनुभवांमागचं कारण आता माहीत झालं आहे. चांदीचे विद्युतभारित कण, ज्यांना आयन म्हणतात, जिवाणूंच्या प्रथिनांना चिकटतात, त्यांचं आवरण बिघडवतात आणि त्यांचा कारभार बंद पाडतात.

१८८० च्या सुमाराला जर्मनीत लाइपझिग इथे कार्ल क्रेडे नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. त्यांच्या रुग्णालयात शंभरातल्या दहाएक नवजात बाळांचे डोळे संसर्गाने येत आणि त्यातून काहींना कायमचं अंधत्व येई. क्रेडे यांनी प्रत्येक बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा थेंब टाकायला सुरुवात केली. प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आलं. पुढे अनेक देशांत हा नियमच झाला. आज तिथे प्रतिजैविकांचं मलम वापरतात, पण त्या थेंबाने किती पिढ्यांचे डोळे वाचवले याचा हिशेब कोणत्या लेजरमध्ये मांडणार?

भाजल्यावर लावायचं पांढरं मलम आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आहे. त्यात सिल्व्हर सल्फाडायझिन असतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले चार्ल्स फॉक्स यांनी ते १९६८ मध्ये पुढे आणलं. मोठ्या भाजण्यात माणूस दगावतो तो बऱ्याचदा नंतरच्या संसर्गाने, आणि तिथे या मलमाने जगभर काम केलं. पण इथे नावे बाजूही सांगितली पाहिजे. वरवरच्या लहान भाजण्यात हे मलम जखम लवकर भरायला मदत करतंच असं नाही, उलट थोडा उशीर होऊ शकतो, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. म्हणून आता डॉक्टर जखम पाहून ठरवतात. चांदीचे सूक्ष्म कण असलेल्या पट्ट्याही आल्या आहेत. त्या काही दिवस तशाच ठेवता येतात, त्यामुळे रोज पट्टी सोडवताना होणाऱ्या वेदना कमी होतात. भाजलं की पहिलं काम मात्र तेच, वीस मिनिटं नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट, बर्फ, हळद काही नाही.

दातांची गोष्ट आजी-आजोबांनी आणि नातवंडांनी दोघांनी ऐकावी. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं एक द्रावण आहे. किडलेल्या दाताला ते नुसतं ब्रशने लावतात. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दाताला बळकटी देतं आणि कीड पुष्कळदा तिथेच थांबते. जपानमध्ये ते अनेक दशकं वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. तोटा एकच, किडलेला भाग काळा पडतो. माझ्या नातवाच्या दुधाच्या दाढेला ते लावलं तेव्हा सूनबाई आधी नाराज होत्या. पण दाढ वाचली, पोरगं रडलं नाही आणि त्या दाढेचा काळा रंग त्याने शाळेत मिरवला. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत नेणं अवघड असतं, त्यांच्यासाठीही हा चांगला पर्याय आहे. आपल्या दंतवैद्यांना जरूर विचारा.

आणि ईसीजी! इथे पन्नाशीच्या पुढचा असा कोण आहे ज्याचा ईसीजी झाला नाही? छातीवर जे स्टिकर चिकटवतात, त्यांच्या बटणाखाली चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा पातळ थर असतो. हृदयाची अगदी क्षीण विद्युत-हालचाल कागदावर स्थिर उमटते ती त्यामुळे. म्हणजे, मंडळी, आपल्या काळजाचा ठोका मोजायला चांदीच लागते.

नावे बाजू

आता सावधगिरीचं. हे बोलण्यासाठीच खरं तर मी उभा राहिलो.

माझे एक परिचित, माझ्यासारखेच निवृत्त. एका प्रदर्शनात त्यांना एक यंत्र विकलं गेलं. पाण्यात चांदी सोडायची, ते पाणी रोज प्यायचं. मधुमेह, सांधेदुखी, सगळ्यावर उपाय. किंमत त्यांच्या महिन्याच्या पेन्शनएवढी. तीन महिने त्यांनी गोळ्या बंद ठेवल्या. साखर चारशेच्या वर गेली तेव्हा मुलीने रुग्णालयात भरती केलं. वाचले. पायाचं एक बोट मात्र गेलं.

जखमेवरची चांदी वेगळी आणि पोटात घेतलेली चांदी वेगळी. चांदीचं पाणी पिऊन कोणताही आजार बरा होत असल्याचा पुरावा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केलं की दुकानात विकली जाणारी अशी कोलॉइडल सिल्व्हरची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. दीर्घकाळ घेतली तर चांदी त्वचेत साठते आणि कातडी निळसर राखाडी होते. तो रंग सहसा परत जात नाही. पाण्याच्या काही फिल्टरमध्ये थोडी चांदी असते ती आतल्या कोळशावर जंतू वाढू नयेत म्हणून, आपल्यावर उपचार म्हणून नाही. मिठाईवरच्या वर्खाची काळजी नको, पण तो खऱ्या चांदीचाच असावा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार वर्ख ९९९ शुद्धतेचा हवा आणि तो बनवताना प्राणिजन्य पदार्थ वापरायचे नाहीत.

रुग्णालयातही चांदी लावली की झालं, असं नसतं. ब्रिटनमध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. चांदीचा मुलामा दिलेल्या लघवीच्या नळ्यांनी संसर्ग कमी होतो का, हे त्यात पाहिलं. थोड्या दिवसांच्या वापरात साध्या नळीपेक्षा फायदा दिसला नाही. म्हणून 'सिल्व्हर' हा शब्द दिसला की जादा पैसे द्यायचे, ही सवय सोडा.

दुसरी सावधगिरी पैशाची. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक बाजारात चांदीने १९८० चा उच्चांक मोडला, तेव्हापासून मला गेटवर थांबवून विचारणा होते, "साहेब, चांदी घेऊ का?" १९८० चा तो उच्चांक कसा झाला होता? अमेरिकेतल्या हंट बंधूंनी प्रचंड चांदी साठवली, भाव औंसाला ५० डॉलरजवळ नेला आणि मार्चअखेर तो ११ डॉलरच्या आसपास कोसळला. उद्योगांची मागणी आहे हे खरं, पण चांदी महागली की उद्योगही तिला पर्याय शोधतात. सौर पॅनेलवाले तांबं वापरून बघत आहेत. कॅमेऱ्याच्या फिल्मला एकेकाळी किती चांदी लागायची, डिजिटल आलं आणि ती मागणी आटली. तेव्हा निवृत्तीची पुंजी एकाच धातूत घालू नका. घ्यायची तर हॉलमार्क बघून घ्या. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांनाही सहा अक्षरी ओळख क्रमांक मिळतो, अजून तो ऐच्छिक आहे. अडीनडीला चांदीवर कर्जही मिळू शकतं. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या निर्देशांत दागिने दहा किलोपर्यंत आणि नाणी ५०० ग्रॅमपर्यंत तारण ठेवण्याची तरतूद आहे. विटा चालत नाहीत.

शिल्लक

आता शेवटचा हिशेब. आपण ६४ सभासद. प्रत्येकी दहा ग्रॅम, म्हणजे ६४० ग्रॅम चांदी समितीने वाटली. सौर पॅनेलमध्ये एका किलोवॅटला साधारण दहा ग्रॅम चांदी लागते. म्हणजे ५० किलोवॅटच्या प्रकल्पात सगळी मिळून अर्धा किलो. आपण वाटली त्याहूनही कमी! आणि ती अर्धा किलो चांदी गच्चीवर बसून रोज सरासरी दोनशे युनिट वीज गोळा करील. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सगळं त्यावर चालेल. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान ठेवलेलं आहे. ५० किलोवॅटला नऊ लाख होतात. आपल्या दोन वार्षिक सभांत हा विषय 'पुढील सभेत चर्चेस घ्यावा' असा शेरा मारून ठेवला गेला. नाणी वाटायला नको होती असं मी म्हणत नाही, माझंही देवघरात आहे. पण एक नाणं देवघरात ठेवलं तर तेवढीच चांदी गच्चीवर कामाला लावू, एवढं मात्र म्हणतो.

आणि दुसरी विनंती. सराफ बाजारात झारेकरी असतात. दुकानासमोरची माती झाडून, धुऊन ते त्यातून सोन्या-चांदीचे कण काढतात आणि त्यावर पोट भरतात. आपल्या घराघरांत बंद पडलेले मोबाइल, जुने रिमोट, कीबोर्ड, जळलेले स्विच, गादीखाली जपलेले जुने एक्स-रे पडून आहेत. त्या प्रत्येकात चांदीचे कण आहेत. ते कचऱ्यात गेले तर कायमचे गेले. भंगारवाल्याकडे गेले तर कुठेतरी उघड्यावर जाळून, ॲसिडमध्ये बुडवून धातू काढतात आणि तो धूर कोणाची तरी मुलं गिळतात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत, अधिकृत पुनर्चक्रण करणारे आहेत. वॉचमनच्या केबिनशेजारी एक कुलूपबंद पेटी ठेवू आणि दर तीन महिन्यांनी त्यांना बोलावू. पेटीची जबाबदारी मी घेतो. मला वेळ आहे आणि पावत्या फाइल करण्याची सवयही आहे.

सौर प्रकल्पाचा विषय येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिल्या तीनांत घ्यावा, असं लेखी पत्र मी आज सचिवांकडे देतो आहे. अनुमोदक म्हणून सही करायची असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावं. पेन माझ्याकडे आहे.

वीस मिनिटं झाली. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.